पौषांतील डोंगरवारी



सन १६८८ मध्यें स्वित्झर्लंडमधील बाझेल या शहरीं योहान्नेस होफर नांवाच्या एका तरुणानें वैद्यकाच्या पदवीसाठीं एक लहानसा प्रबंध लिहिला. परमुलखांत राहणाऱ्या आपल्या देशबांधवांना जडणाऱ्या एका विकाराचें वर्णन त्यानें त्यांत केलें होतें. झोंप लागत नाहीं, शक्ति क्षीण होते, छाती धडधडते, मन सदा उदास असतें, आणि औषधाचा गुण येत नाहीं. अशा रोग्याला घराकडे परत नेऊं लागलें कीं मात्र वाटेवरच त्याच्या जिवांत जीव येतो. परतणें आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून होफरनें या विकाराला 'नोस्टाल्जिया' असें नांव दिलें. हा शब्द आज जगांतील पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडीं आहे. पण पोटासाठीं डोंगर सोडून सपाटीवर गेलेल्या माणसांच्या दुखण्यांतून तो जन्मला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

त्या काळीं स्वित्झर्लंड हा गरीब देश होता. डोंगरांतील तुटपुंज्या शेतीवर भागेना, म्हणून तेथील तरुण परक्या राजांच्या फौजांत भाडोत्री शिपाई होऊन जात. गुराखी सांजवेळीं गाईंना साद घालतांना जें गाणें म्हणत, तें छावणींत कानीं पडलें तर हे शिपाई रडूं लागत, कित्येक पळूनही जात. म्हणून तें गाणें वाजविण्यास सक्त मनाई होती, अशी हकीकत रूसोनें १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशांत नमूद केली आहे.

पुढें काळ पालटला. शिपायांच्या जागीं व्यापारी आणि यंत्रज्ञ परदेशीं जाऊं लागले. आपल्या मुंबईचाच दाखला घ्या. १८५१ सालीं फोलकार्ट बंधूंनीं विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणीं एकदमच आपली पेढी उघडली व पुढें कापसाच्या व्यापारांत मोठें नांव मिळविलें. याच पेढीनें टाटांशीं भागीदारी करून १९५४ सालीं जी कंपनी काढली, ती 'व्होल्टास' या नांवानें आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आज आठ लाखांहून अधिक स्विस नागरिक आपल्या देशाबाहेर राहतात. देशांत जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श असे भाषांचे चार प्रदेश. म्हणून बाहेर राहणाऱ्या या लोकांना तिकडे 'पांचवें स्वित्झर्लंड' असें म्हणतात. त्यांची मध्यवर्ती संस्था १९१६ सालापासून चालू आहे. ज्या परक्या शहरीं हे लोक थोडेबहुत जमतात, तेथें ते आपलें मंडळ काढतात. आणि अशा मंडळांचा एक आवडता परिपाठ म्हणजे हिवाळ्यांत एकदां सर्वांनीं मिळून जवळचा डोंगर गांठणें. बर्फ असेल तर त्यावरून घसरावें, नसेल तर नुसतें चढावें, वर वितळलेल्या चीजच्या पातेल्याभोंवतीं बसून पावाचे तुकडे त्यांत बुडवून खावे, मुलांच्या कानांवर आपली बोली पडूं द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा आपापल्या कामावर रुजू व्हावें.

कोणी म्हणेल, ही तर साधी सहल. तिचें एवढें कौतुक कशाला? परंतु होफरनें जी वेदना वर्णिली, तिच्यावर या लोकांनीं स्वतःपुरता शोधलेला हा उपाय आहे. घरीं परत जाणें तर शक्य नाहीं. मग घराचें जें मुख्य लक्षण, म्हणजे डोंगर, त्याच्याकडे वर्षांतून एकदां सर्वांनीं एकत्र जावयाचें. एकट्यानें घराची आठवण काढली तर ती दुखणें होते; दहा जणांनीं मिळून काढली तर तिचा सण होतो.

आतां दूरच्या देशांतून आपल्या गोदाकांठीं येऊं. मी राहतों तें पुणतांबें गोदावरीच्या उजव्या तीरावर वसलेलें आहे. येथें योगी चांगदेवांची समाधि आहे, नदीला घाट आहेत, आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरचें स्टेशन आहे. या स्टेशनाचा उल्लेख मी मुद्दाम केला. कारण गेल्या दोन पिढ्यांत गांवांतून जी तरुण मंडळी बाहेर गेली, तींपैकीं कितीएक याच फलाटावरून गेलीं. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, कोणी त्याहूनही पलीकडे. शेतीचा हिशेब जुळेना हें त्याचें मोठें कारण. १ जून २०१७ रोजीं महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांचा संप ज्या गांवाच्या पुढाकारानें सुरू झाला, तें गांव हेंच; तेव्हां त्या हिशेबाविषयीं येथें अधिक बोलावयास नको. स्विस लोकांच्या हिशेबानें पाहिलें तर आपल्या प्रत्येक गांवालाही आतां एक जास्तीची वाडी आहे. ती तलाठ्याच्या नकाशांत दिसत नाहीं. तिचीं घरें डोंबिवलीस, चाकणला, हडपसरला पसरलेलीं आहेत. मतदानाला आणि लग्नाला ती गांवीं येते, एरवीं दूरध्वनीवर भेटते.

पण परगांवीं गेलेल्या माणसाचें दुःख आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू झालें असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या समाजांतील पहिली परस्थ म्हणजे सासरीं गेलेली लेक. हजारों वर्षें प्रत्येक घरानें आपली एकेक मुलगी परक्या गांवीं पाठविली आणि तिच्या दुखण्याला वैद्यकाचें नांव न देतां 'माहेरची ओढ' असें म्हटलें. संतांनींही पंढरीला माहेर म्हटलें तें उगीच नव्हे. ज्या भाषेंत माहेर हा शब्द आहे, तिला नोस्टाल्जिया हा शब्द शिकविण्याची फारशी गरज नाहीं. या ओढीवर आपल्या लोकांनींही एक उपाय फार पूर्वींच योजून ठेवला आहे, आणि तोही हिवाळ्यांतला व डोंगराकडचाच आहे. ती म्हणजे त्र्यंबकेश्वरची पौषवारी.

आषाढीची वारी सर्वांस ठाऊक असते. पौषवारीचें नांव शहरांतील कित्येक सुशिक्षित घरांत माहीत नसतें. ज्ञानदेवांचे थोरले बंधु आणि गुरु श्रीनिवृत्तिनाथ यांची समाधि त्र्यंबकेश्वरीं, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं आहे. पौष वद्य एकादशीस तेथें मोठी यात्रा भरते. नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून व त्यांपलीकडूनही शेंकडों दिंड्या पायीं चालत तेथें येतात. एकादशीस नाथांच्या रथाची मिरवणूक निघते. आषाढी वारीसाठीं नाथांची पालखी त्र्यंबकाहून निघून सिन्नरवरून आपल्या जिल्ह्यांत उतरते आणि बेलापूर, राहुरी, नगर अशी मजल-दरमजल करीत पंढरपुरास जाते. म्हणजे पावसाळ्याच्या आरंभीं थोरले आपल्या दारावरून जातात, आणि हिवाळ्यांत आपण त्यांच्या दारीं जावयाचें. आल्यागेल्याची ही परतभेट आहे, आणि खेड्यांतील माणूस परतभेट चुकवीत नाहीं.

पुणतांबेकरांना तर या भेटीचें आणखी एक निमित्त आहे. चांगदेवांनीं ज्ञानदेवांना पत्र पाठविलें, पण मायना काय लिहावा तें न कळून कागद कोराच ठेवला, ही कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. त्या कोऱ्या पत्राला उत्तर लिही, असें ज्ञानदेवांना निवृत्तिनाथांनीं सांगितलें, अशी परंपरा आहे. त्या उत्तराच्या पासष्ट ओव्या म्हणजेच 'चांगदेव पासष्टी'. तेव्हां ज्या गांवीं चांगदेव विसावले, त्या गांवानें नाथांकडे जाऊन उत्तर पोंचल्याची पोंच द्यावी, हें उचितच होय.

आमच्या बाजूनें त्र्यंबक सुमारें दीडशें किलोमीटर पडतें. कोपरगांवावरून सिन्नर, तेथून नाशिक आणि पुढें त्र्यंबक. साधारण सहा-सात मुक्काम. पौषांतील थंडी म्हणजे खरी थंडी. निफाडच्या बाजूस पारा कांहीं वर्षीं पांच अंशांच्याही खालीं उतरतो. पहांटे काकडा झाला कीं कानटोप्या, घोंगड्या, शाली सांवरीत दिंडी रस्त्याला लागते. पुढें पताका, मध्यें वीणा, मागें डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. वाटेंत कांद्याचीं हिरवीं शेतें, हरभऱ्याचे घाटे, कोठें कोठें हुरडा. दुपारीं एखाद्या वस्तीवर पिठलें-भाकरीची पंगत, संध्याकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन, आणि शाळेच्या व्हरांड्यांत किंवा देवळाच्या मंडपांत झोंप. नाशिक ओलांडलें कीं पश्चिमेस डोंगरांची रांग उठून दिसूं लागते, आणि ब्रह्मगिरीचा तो उभ्या कड्यांचा माथा दिसतांच चालणाऱ्यांची पाउलें आपोआप झपझप पडूं लागतात.

या ब्रह्मगिरीची उंची सुमारें तेराशें मीटर, म्हणजे स्वित्झर्लंडच्या मानानें तो टेंकडीच. परंतु डोंगराची थोरवी त्याच्या उंचीवर नसून त्याच्या पदरीं काय आहे यावर असते. स्वित्झर्लंडमध्यें गॉटहार्डच्या परिसरांत ऱ्हाइन, ऱ्होन आणि तिचिनो या नद्या उगम पावतात व वेगवेगळ्या समुद्रांकडे जातात. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरांचेंही तसेंच आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र तेथून अवघा ऐंशी किलोमीटर असतां ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या उगमापासून थोड्याच अंतरावर वैतरणा उगम पावते. ती मात्र पश्चिमेस वळते.

या वैतरणेकडे शहरी श्रोत्यांनीं विशेष लक्ष द्यावें. १९५७ सालीं तिच्यावर मोडकसागर बांधला, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा, २०१४ सालीं मध्य वैतरणा. या तिन्ही धरणांचें पाणी मुंबईस जातें. इकडे पूर्वेच्या अंगास विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दारणेचें धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, गोदावरीचे कालवे निघाले, आणि कोपरगांव-राहात्याच्या कोरड्या माळांवर ऊस उभा राहिला. याचा अर्थ काय? पुणतांब्याच्या मळ्यांत उभा असलेला बाप आणि मुंबईच्या चाळींतील नळाखालीं हंडा धरणारा त्याचा मुलगा, हे दोघे एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांचें पाणी पितात. घर वेगळें झालें तरी पाणवठा तुटलेला नाहीं. मला पौषवारीचें जें अगत्य वाटतें, त्याचें एक कारण हेंही आहे. जगांतील पुष्कळशा सहली घरापासून दूर नेतात. ही वाट मात्र नदीच्या खालच्या अंगाच्या माणसांना नदीच्या माथ्याकडे नेते.

डोंगराकडे जाण्याच्या रीति जगांत दोन आहेत. एक माथ्यावर पाय ठेवण्याची, दुसरी पायथ्यानें फिरण्याची. पहिली पाश्चात्यांची आणि दुसरी आपली, असें सोपें विभाजन लोक करतात. पण तें खरें नव्हे. १९३६ सालीं आर्नोल्ड हाइम आणि ऑगुस्ट गान्सर हे दोन स्विस भूगर्भशास्त्रज्ञ हिमालयाच्या अभ्यासास आले होते. गान्सर यात्रेकरूचा वेष घेऊन तिबेटांत शिरला आणि त्यानें कैलासाची प्रदक्षिणा केली. त्याला तेथील खडक पाहावयाचे होते, आणि खडक पाहण्यासाठीं डोंगराभोंवतीं फिरणें हाच उत्तम मार्ग होता. भाविक आणि शास्त्रज्ञ एकाच पायवाटेनें चालूं शकतात, याचें हें सुंदर उदाहरण होय. आपल्या वारकऱ्यालाही ब्रह्मगिरीचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा आहे, आणि त्याच्या फटींत मुरलेलें पावसाचें पाणीच पुढें झऱ्यांवाटे नदीस मिळतें, हें सांगितलें तर त्याच्या भक्तीस बाध येणार नाहीं. उलट डोंगर फोडला तर नदीचें काय होईल हें त्यालाच आधीं समजेल.

इतकें गोड सांगितल्यावर अडचणीचें बोलणें भाग आहे. आमच्या बाजूच्या दिंड्यांत गेल्या कांहीं वर्षांत एक वाद उभा राहिला आहे. गांवांत राहणारे चालकरी वयानें थकले. तरुण शहरांत आहेत. त्यांना यावयाची इच्छा आहे, पण रजा नाहीं. तिथि कांहीं रविवार पाहून येत नाहीं. २०२४ सालीं ही एकादशी ६ फेब्रुवारीस, मंगळवारीं आली. २०२५ सालीं २५ जानेवारीस, शनिवारीं. २०२६ सालीं १४ जानेवारीस, बुधवारीं, म्हणजे नेमकी मकरसंक्रांतीच्या दिवशीं. तेव्हां शहरांतील कांहीं मंडळींनीं सूचना मांडली कीं, दिंडी एकादशीच्या लगतच्या रविवारीं पोंचावी, आणि सात दिवस चालण्याऐवजीं सिन्नरपर्यंत बसनें जाऊन तेथून पुढें चालावें. सूचना करणारीं माणसें वाईट नव्हेत. दिंडीच्या खर्चाचा मोठा वांटा तींच उचलतात. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, सोय पाहिली नाहीं तर दहा वर्षांनीं दिंडीच राहणार नाहीं.

आम्ही ज्या दिंडींत चालतों, तिच्या वृद्ध विणेकऱ्यांनीं हें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "नाथांना पत्र धाडा. म्हणावं, यंदा आमाला रजा नाही, रविवारी येतो. त्यांचं उत्तर आलं म्हंजी मला वाचून दावा. आपल्या चांगदेवांनी बी पत्र धाडलं व्हतं, पण कोरं धाडलं. रजेचा अर्ज न्हवता धाडला." सर्व मंडळी हांसलीं. पण हंशानें प्रश्न सुटत नाहीं. पुढच्या वर्षीं चालणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

मीं पुष्कळ वर्षें मुलांना शिकविलें आहे, आणि शाळेच्या घंटेचा मला जो अनुभव आहे त्यावरून या वादासंबंधीं माझें मत बनलें आहे. स्विस मंडळाला आपल्या सहलीचा रविवार निवडतां येतो, कारण ती सहल त्या मंडळाची आहे. वारी ही कोणा एका मंडळाची नाहीं. बीडच्या बाजूचा माणूस, येवल्याचा माणूस, आमचा माणूस, हे एकमेकांना न विचारतां एकाच दिवशीं एका ठिकाणीं येतात, कारण तिथि कोणाच्याच सोईची नाहीं. ज्या दिवशीं प्रत्येक दिंडी आपापला रविवार पाहील, त्या दिवशीं यात्रा मोडेल आणि तिच्या जागीं शंभर सहली उरतील. म्हणून तिथि हलवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

पण त्याचबरोबर सात दिवस चालेल तोच खरा वारकरी, हा हट्टही मला मान्य नाहीं. आमच्या दिंडीनें अखेर जी वाट काढली ती अशी. दिंडी पूर्वींप्रमाणेंच गांवाहून निघते आणि एकादशीसच पोंचते. शहरवासी घरांनीं मुक्काम वांटून घेतले आहेत. ज्याला एक दिवसाची रजा मिळते त्यानें एक मजल चालावी, ज्याला दोन दिवस मिळतात त्यानें दोन. एका मुक्कामाच्या पंगतीची, आजाऱ्यांच्या औषधपाण्याची आणि रस्त्यावरील संरक्षणाची जबाबदारी त्या-त्या घरांची. यांत पैसा देऊन मोकळें होण्यास वाव नाहीं. ज्याची मजल, त्यानें स्वतः हजर राहिलें पाहिजे. पहिल्या वर्षीं नाशिकच्या अलीकडे एका मुक्कामीं एक तरुण अभियंता मोटारींतून आला, दर्शनी पोषाखांत, परत जाण्याच्या घाईनें. त्याच्या आत्याबाई दिंडींत होत्या. सासर वैजापूरकडे, भाच्याची गांठ कित्येक वर्षांत पडलेली नव्हती. तिनें त्याच्या हातीं आपलें तुळशीवृंदावन दिलें आणि म्हणाली, "धर जरा, मान आखडली." तें त्यानें दुसऱ्या मुक्कामापर्यंत खालीं ठेवलें नाहीं. त्यांचें काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. मी पुढें चालत होतों. परंतु पुढल्या वर्षीं तो तीन दिवस आला, आणि त्यानें आपल्या मुलीलाही आणलें.

रस्त्यावरील संरक्षणाचा उल्लेख मीं सहज केला नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें नाशिक-पुणें रस्त्यावर घारगांवच्या परिसरांत, कार्तिकी वारीला आळंदीस निघालेल्या आपल्याच जिल्ह्यांतील एका दिंडींत अवजड वाहन शिरलें आणि वारकरी मृत्युमुखीं पडले. जुने रस्ते बैलगाडीच्या चालीचे होते. आजचे रस्ते तसे नाहींत. हिवाळ्यांत पहांटे धुकें असतें आणि उजाडण्यास वेळ लागतो. म्हणून उजाडल्याखेरीज मोठ्या रस्त्याला पाऊल लावूं नये. एका बाजूनें दोन-दोनच्या ओळींत चालावें. पुढें आणि मागें प्रकाश परावर्तित करणारे पट्टे लावलेले स्वयंसेवक असावे. आणि शेवटच्या माणसामागें लाल दिवा असलेलें वाहन असावें. यांत धर्माला विरोधी असें कांहींच नाहीं. दिंडींत चोपदार असतो तो शिस्तीसाठींच. काळानुसार त्याच्या हातीं चोपाबरोबर दिवाही आला, इतकेंच. शहरांत राहणाऱ्या मुलांनीं आपल्या म्हाताऱ्या आईबापांना शाल पाठविण्याआधीं हे पट्टे पाठवावे.

दुसरें मागणें डोंगराविषयींचें. ब्रह्मगिरीच्या परिसरांत डोंगर खोदण्याचें जें काम चाललें होतें, त्याविरुद्ध २०२१ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जाणत्या लोकांनीं आवाज उठविला. त्र्यंबक गांवांतून जाणाऱ्या गोदावरीच्या कांहीं भागावर काँक्रीटचें छत आलेलें आहे. परक्या माणसाला आपण नदीवरून चाललों आहों हें कळतही नाहीं. त्यांतच सिंहस्थ. मागचा २०१५ सालचा. पुढच्याचीं मुख्य स्नानें २०२७ सालीं आहेत, आणि तेवढ्या गर्दीसाठीं रस्ते, इमारती, वाहनतळ हवेतच. सोयींना कोणी नाहीं म्हणणार नाहीं. पण ज्या डोंगरावर पडलेल्या पावसावर एकीकडे मराठवाड्यापर्यंतची तहान आणि दुसरीकडे मुंबईचे नळ अवलंबून आहेत, त्याला हात लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार झाला पाहिजे. आणि तो विचार करा असें सांगण्याचा अधिकार जितका त्र्यंबककरांना आहे, तितकाच पुणतांबेकरांना व गिरगांवकरांनाही आहे. वारकऱ्यांनीं स्वतःपासून आरंभ करावा. पंगतीला प्लास्टिकच्या पत्रावळी नकोत. ज्याचें त्याचें ताट-तांब्या ज्याच्या त्याच्या पडशींत असावें. कुशावर्तांत निर्माल्य टाकूं नये. पौषांत लावलेलें रोप पाण्यावांचून जगणार नाहीं, म्हणून पुढच्या पावसाळ्यांत कोण्या एका घरानें पुन्हा येऊन झाडें लावावीं व पौषवारीच्या वेळीं तीं जगलीं कीं नाहीं तें पाहावें. वर्षानुवर्षें त्याच वाटेनें जाणाराच हें पाहूं शकतो. एकदांच येणाऱ्या प्रवाशाला तें साधणार नाहीं.

कांहीं सुशिक्षित श्रोते म्हणतील, आम्ही देवभोळे नाहीं. आम्हांला या वारीचें काय? त्यांना माझें उत्तर असें कीं, आपण खुशाल खडक पाहावयास या. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यांत दूरदेशचे पक्षी येतात. २०१९ सालीं त्या स्थळाला रामसर यादींत स्थान मिळालें. ते पाहावयास या. आत्याबाई आणि भाचा यांची गांठ पडतांना पाहावयास या. पांचव्या स्वित्झर्लंडांतील माणसें आपल्या डोंगराची आठवण म्हणून परक्या डोंगरावर जातात. आपलें भाग्य असें कीं, आपला डोंगर आपल्याच मुलखांत आहे, एका दिवसाच्या प्रवासावर आहे, आणि त्याच्याकडे जाणारी वाट माणसांनीं वाहती ठेवलेली आहे. ती वाहती राहावी एवढेंच आपल्या हातीं आहे.

पंचांग प्रत्येक घरांत असतें. आज रात्रीं तें उघडून पुढची पौष वद्य एकादशी कोणत्या वारीं येते तें पाहावें, आणि तिच्या आधींच्या एका दिवसाची रजा आतांच मागून ठेवावी. दिंडी कोणत्या मुक्कामीं गांठावी, हें गांवीं राहिलेलें कोणीही वडीलधारें माणूस आनंदानें सांगेल. बहुधा तें माणूस याच प्रश्नाची वाट पाहत असेल.